फाटकमामांची संध्याकाळची ड्यूटी

फाटकमामा बोलताना कधी माणसाच्या तोंडाकडं बघत नसत. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, पुन्हा डावीकडं अशी त्यांची मान फिरत राहायची आणि बोलणं मात्र सरळ चालू असायचं. नवख्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपल्याला टाळतोय. आम्हाला सवय होती. रेल्वेच्या फाटकावर सारी नोकरी काढलेला माणूस. रुळांची दोन्ही टोकं नजरेखाली असल्याशिवाय त्याला चैन कसं पडणार? मामा लग्नाच्या पंगतीत बसले तरी पहिला घास घेण्याआधी पंगतीची दोन्ही टोकं बघून घ्यायचे. वाढपी चेष्टा करायचे, "मामा, जेवा निवांत, हितनं इंजिन न्हाई जायचं." मामा मान फिरवतच म्हणायचे, "तुज्या हातात गरम आमटीची बादली हाय. ती इंजिनापरीस काय कमी हाय व्हय?"

आमचं गाव टाकवे बुद्रुक. गावातून स्टेशनकडं यायचं तर त्या काळी वाटेत हे फाटक लागायचं. ज्यांनी कधी फाटकावर ताटकळत वेळ काढलाय त्यांना मामांसारखा एखादा माणूस नक्की आठवेल. नाव सोपान, पण त्या नावानं त्यांना फक्त पगाराचा कारकून ओळखत असावा. लहानथोर सगळ्यांचे ते फाटकमामा.

फाटक बंद असलं की मोटारवाले हॉर्न वाजवायचे. लोणावळ्याला फिरायला निघालेली पुण्यामुंबईची मंडळी वाट चुकून आमच्या बाजूला आली की त्यांना तर दम म्हणून नसायचा. मामा त्यांच्या खिडकीशी जायचे आणि अगदी काळजीनं विचारायचे, "हॉर्न वाजवून गाडी लवकर येती व्हय? मग मीबी इकत घेतो येक." एकदा आंबीकडचं लग्नाचं वऱ्हाड अडकलं. नवरदेवाचे मामा गाडीतून उतरून ओरडायला लागले, मुहूर्त टळेल म्हणून. फाटकमामांनी आपल्या माठातलं पाणी तांब्यात भरून त्यांच्या पुढं केलं. म्हणाले, "भाऊ, मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढंल. नवरदेव दुसरा न्हाई काढता येत." त्यावर नवरदेवच हसला आणि सगळे गपगुमान पाणी प्यायले.

आता माझं सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील आंबीच्या एका कारखान्यात कंत्राटावर होते, आई दुसऱ्याच्या खाचरात भाताची लावणी करायला जायची. बारावी झाल्यावर वडील म्हणाले, पुरे आता. माझ्या शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता. पण कॉलेज तळेगावला. संध्याकाळच्या लोकलनं उतरायचं, आणि स्टेशनापासून गावापर्यंतची वाट तेव्हा अगदी निर्मनुष्य. मुलीच्या जातीनं रोज त्या वाटेनं यायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

ही गोष्ट फाटकमामांच्या कानावर कुणी घातली ते मला आजही माहीत नाही. एक दिवस वडील कामावरून परतताना फाटकावर थांबले. मी सोबत होते. वडिलांनी जय भीम घातला, मामांनी रामराम केला आणि दोघंही गुमटीबाहेरच्या बाकड्यावर बसले. गुमटी म्हणजे फाटकाशेजारची मामांची छोटी खोली. मामा रुळाकडं बघत म्हणाले, "भाऊ, तुमची पोर सकाळी माज्या गेटातनं जाणार आन् सांजच्याला माज्या गेटातनं येणार. आली का न्हाई ते मी बगीन. न्हाई आली तर पयला मी तुमच्या दारात. मग तर झालं?"

वडिलांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमची सुट्टी असंल तवा?"

"बदलीवर येणाऱ्याला सांगून जाईन."

एवढ्यावर माझं कॉलेज सुरू झालं. माझ्यामागून गावातल्या आणखी मुली यायला लागल्या. आमच्या सायकली गुमटीमागच्या करंजाच्या झाडाखाली असायच्या. संध्याकाळी लोकल गेली की मामा हातातला कंदील उंच धरून स्टेशनच्या बाजूला बघत उभे राहायचे आणि शेवटची मुलगी सायकलवर बसेपर्यंत कंदील खाली यायचा नाही. उशीर झाला तर ओरडायचे, पण ओरडणंसुद्धा डावीउजवीकडं बघत. त्यामुळं कुणाला ओरडताहेत ते कळायचंच नाही, आणि आम्ही सगळ्याच वरमायचो.

मामांची एक गोष्ट मात्र आम्हाला फार गमतीची वाटायची. गुमटीत भिंतीवर मूठ फिरवून वाजवायचा जुना फोन होता. तो वाजला की मामांचा आवाजच बदलायचा. पाठ ताठ व्हायची, टोपी सारखी केली जायची. स्टेशनातून मास्तर सांगायचे, अमुक गाडी येतेय, फाटक लावा. मामा फाटक लावून यायचे आणि फोनवर एक नंबर सांगायचे. मास्तर तोच नंबर पुन्हा म्हणून दाखवायचे. मगच मामा फोन ठेवायचे. रेल्वेची ही पद्धत. दर गाडीला नवा नंबर, तो गेटमनला आधीच छापून दिलेला असतो आणि एकदा वापरला की त्यावर काट मारायची. नंबर मिळाला म्हणजे मास्तरला खात्री पटली की गेटमननं फाटक खरोखर लावलं आहे.

मी एकदा म्हणाले, "मामा, एवढं कशाला? नुसतं सांगायचं, गेट बंद आहे म्हणून."

"तुला बंद दिसतंय. मास्तरला दिसतंय का?" मामा म्हणाले. "ज्याला दिसत न्हाई त्याला नंबर लागतो, पोरी. नुस्त्या बोलण्यावर गाडी सोडत न्हाईत."

पुढं मी पदवी घेतली, समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि तळेगावच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले. मधल्या काळात फाटकाच्या जागी पूल झाला. फाटक काढलं, गुमटी पाडली, रुळांच्या दोन्ही बाजूंनी कुंपण आलं. मामा त्याच सुमारास निवृत्त होऊन गावातल्या आपल्या घरी आले. मुलगा अनिल, सून संगीता, दारात एक शेळी. मामी आधीच गेलेल्या. मी गावी आले की मामांना भेटायचे. ते अंगणात खाटेवर बसलेले असायचे आणि रस्त्याची दोन्ही टोकं बघत बोलायचे.

आमच्या दवाखान्यात विसरभोळेपणाच्या आजाराचा एक विभाग आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तपासण्या, औषधं आणि त्याहून जास्त म्हणजे घरच्यांना धीर देणं. माझं काम मुख्यतः घरोघरी जाऊन. कुणाला औषधाची वेळ सांगणारी डबी बसवून दे, कुणाच्या घरच्यांना व्हिडिओवर डॉक्टरांशी जोडून दे, रात्रंदिवस रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांचा फोनवरचा गट चालव. एक दिवस याच गटाचा नंबर शोधत एक फोन आला. "ताई, मी संगीता. फाटकमामांची सून. आबांचं काय खरं न्हाई बगा."

तपासणीला मामांना आणलं तेव्हा ते डॉक्टरांसमोर बसून खोलीच्या दोन्ही दारांकडं बघत होते. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मामांनी गोल काढला आणि मध्येच थांबले. मला बघून म्हणाले, "टाकव्याची ना तू? सायकल घितली का?" माझं नाव त्यांना आठवलं नाही, पण सायकल आठवली. अनिल बाहेर येऊन हळूच म्हणाला, "आमच्याकडं याला म्हातारचळ म्हणतात. तुमच्याकडं काय म्हणतात?" मी त्याला सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, स्मृतिभ्रंश, यात वडिलांचा हट्ट नाही आणि तुमचा दोष नाही. त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं असं मला वाटलं नाही.

खरा त्रास संध्याकाळचा होता. दिवसभर मामा ठीक असायचे. उन्हं कलली की त्यांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. "गाडीचा टाइम झाला. गेट उगडं हाय," म्हणत ते दाराकडं धाव घ्यायचे. संगीता वहिनी आडव्या आल्या तर त्यांना ढकलायचे. "तू कोन गं? माज्या गेटात काय करतीस? चोरटी कुटली!" ज्या सासऱ्याला वहिनींनी सोळा आणे सांभाळलं, त्याच्या तोंडून रोज हे. वहिनी मला सांगताना पदरानं डोळे पुसत नव्हत्या. त्यांना रडायलाही वेळ उरला नव्हता असं दिसत होतं.

मी पहिल्यांदा मामांसाठी मनगटी घड्याळ आणलं. माणूस कुठं आहे ते घरच्यांच्या मोबाइलवर नकाशात दाखवणारं. पट्टा मीच बांधला. ज्यांनी आमच्या येण्याजाण्यावर कंदील धरला, त्यांच्या येण्याजाण्यावर आता आपण लक्ष ठेवणार, असं काहीतरी मनात होतं. चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. नकाशात मामा दुपारभर ओढ्याकाठच्या बांधावर फिरताना दिसत होते, आणि प्रत्यक्षात ते खाटेवर झोपले होते. घड्याळ शेळीच्या गळ्यात होतं. विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "तिला टायमाचं भान न्हाई. रोज उशिरा येती."

आम्ही हसलो. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घड्याळ शेळीच्या गळ्यात राहिलं आणि मामा घरातून गेले. वहिनी चुलीपाशी होत्या. अनिल कामाच्या पाळीवरून आला तेव्हा मामांची खाट रिकामी. मामा सापडले ते जुन्या फाटकाच्या जागी, पुलाच्या खाली. कुंपणाच्या तुटक्या भागातून आत शिरून रुळांपासून हाताच्या अंतरावर उभे होते, अंगावरचं उपरणं हलवत. एका मोटरसायकलवाल्यानं ओळखलं म्हणून धरून आणलं.

अनिल त्या दिवशी मला म्हणाला, "ताई, आता दोनच रस्ते. एक तर बाहेरून कडी घालतो, नाहीतर लोणावळ्याकडं म्हाताऱ्यांचा आश्रम आहे तिथं ठेवतो. मी पाळीला गेल्यावर आबा गाडीखाली गेले तर हिनं काय करायचं?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. मी महिनाभराची मुदत मागितली.

त्या महिन्यात आमची दुसरी युक्तीही उलटली. ठरलेल्या वेळी आपोआप बोलणारा छोटा स्पीकर मी त्यांच्या खोलीत बसवला. माझ्याच आवाजात निरोप भरला होता: "मामा, फाटक बंद आहे. काळजी करू नका. बसा." इतर घरांत असल्या निरोपाचा चांगला उपयोग झाला होता. इथं मामा स्पीकरचा आवाज ऐकून ताडकन उठले आणि आणखीच बेभान झाले. "कोन बोलतंय? कुनी लावलं गेट? नंबर सांग! नंबर!" स्पीकर तोच निरोप पुन्हा देत राहिला. शेवटी मामांनी तो उचलून पाण्याच्या बादलीत टाकला.

वहिनींनी हे फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "कसला नंबर मागत्यात काय की. टीव्हीचा रिमोट कानाला लावून बसत्यात आन् नंबर द्या, नंबर द्या करत्यात. अनिलचा मोबाइल नंबर सांगितला तर चिडल्यात."

माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात होते. नोकरीभर ज्या माणसानं नंबराशिवाय कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही, त्याला आम्ही नुसतं सांगत होतो की फाटक बंद आहे. असं कुणीही येऊन सांगितलं आणि गेटमननं ऐकलं तर अपघातच व्हायचा. मामा आजारी होते, पण या बाबतीत ते बरोबर वागत होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बटणांचा, मोठ्या घंटीचा एक टेबलफोन घेऊन गेले. मामांच्या खाटेशेजारी ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. उन्हं कलली, मामा उठून दाराकडं निघाले, तशी मी मागच्या दारी जाऊन मोबाइलवरून त्या फोनला फोन लावला. घंटी वाजली. मामा दारातून परत फिरले. टोपी सारखी केली.

"हॅलो. गेट."

"मास्तर बोलतेय," मी म्हणाले. "अप लोकल येतेय. गेट लावलं का?"

मामांनी विचारलं, "बाई मास्तर?"

"हो. नवीन आलेय."

"बेस झालं. आता बायाबी मास्तर झाल्यात." मग तोच जुना, ताठ आवाज. "गेट बंद हाय. नंबर येकोणतीस."

"एकोणतीस. बरोबर. लाइन क्लिअर."

मामांनी फोन ठेवला. खाटेवर बसले. वहिनींनी चहा दिला तो त्यांनी घेतला. चहा पिऊन ते आडवे झाले. वहिनी दारात उभ्या राहून त्यांच्याकडं बघत होत्या, जणू घरात दुसराच कुणी माणूस येऊन निजला आहे.

मी रोज कामात असायचे, वेळ सांभाळणं जमेना. म्हणून वहिनींनीच मास्तर व्हायचं ठरलं. त्या आधी कचरल्या. मलाही मनातून शंका होती. आम्हाला शिकवलं होतं की रुग्णाच्या जगात शिरून बोलावं. तरी रोज म्हाताऱ्या माणसाला फसवायचं, हे बरं वाटत नव्हतं. मी ते वहिनींना बोलून दाखवलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "फसवायचं कुटं आलं ताई? गेट बंदच हाय की. कायमचं."

मग रोज संध्याकाळी वहिनी मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी जाऊन मोबाइल कानाला लावायच्या. घरात ज्यांना चोरटी म्हणून शिव्या मिळायच्या त्यांनाच फोनवर "व्हय मास्तर, बोला मास्तर" मिळायचं. त्या हसून म्हणायच्या, "लग्न झाल्यापास्न पयल्यांदा सासऱ्यानं माजं ऐकलं बगा." कडी लागली नाही. आश्रमाचा विषय निघाला नाही. वहिनी बायकांच्या फोनवरच्या गटातही बोलायला लागल्या. एक मावशी आपला नवरा दर संध्याकाळी दुकान उघडायला निघतो म्हणून रडत होती, वहिनींनी तिला विचारलं, "दुकान बंद करताना ते काय करायचे? ते करू द्या की त्यांना." मला सुचलं नसतं.

पण वहिनी आतून थकत चालल्या होत्या, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळ सुटली तरी बाकीचा दिवस होताच. अंघोळ, कपडे, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न. उर्शाला त्यांचं माहेर, इतकं जवळ, पण दोन वर्षांत त्या गेल्या नव्हत्या. भाऊबीजेला भाऊच येऊन ओवाळून घेऊन गेला होता. मी विचारलं की "चाललंय" म्हणायच्या.

एका गुरुवारी मी मामांच्या घरी होते. अनिलची आठवडी सुट्टी असल्यानं तोही घरात झोपलेला. उन्हं कलली तसा फोन वाजला. मी मामांच्या शेजारी बसले होते, मागच्या उघड्या दारातून धुण्याच्या दगडापाशी उभ्या वहिनी मला दिसत होत्या.

"बोला मास्तर."

"अप लोकल. गेट लावलं का?"

"गेट बंद. नंबर सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस. बरुबर."

एरवी मामा इथं फोन ठेवायचे. त्या दिवशी ठेवला नाही.

"मास्तर, येक अर्ज हाय."

"बोला की."

"हितं माज्याबरुबर येक बाई ड्यूटीला हाय. लय दिस झालं, तिला रिलीव्हरच न्हाई आला. मी बगतो ना. सकाळपास्न उबी असती. जेवती का न्हाई कुनाला ठावं. माणसानं आशी सलग ड्यूटी केली तर गेटावर डोळा लागतो मास्तर. मग आक्शिडेंट व्हतो. माजं म्हातार्‍याचं सोडा. तिला रजा द्या."

वहिनींनी एक हात भिंतीला टेकला होता. रेल्वेत पाळी संपली की बदलीवर जो येतो त्याला रिलीव्हर म्हणतात, हे मामांच्या सुनेला सांगायची गरज नव्हती.

"ऐकताय न्हवं, मास्तर?"

"व्हय. ऐकतीया."

"मंग? कदी देता?"

"देते."

"नुस्तं देते म्हनू नका. नंबर द्या."

मी अनिलकडं बघितलं. तो उठून बसला होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "बारा."

"बारा," मामांनी परत म्हणून दाखवलं. "बरुबर." आणि फोन ठेवून दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चांगली हाय बाई. पर कुनी लक्ष देत न्हाई."

वहिनी आत आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं. अनिल काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "नंबर दिलाय मी. आता रजा घ्यावीच लागंल." अनिल म्हणाला, "पुढल्या गुरुवारी आबांकडं मी. तू उर्शाला जा. मला फक्त सांग, अंघोळीला पाणी किती कढत लागतं त्यांना." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं ते कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर दर गुरुवारी अनिल बापाची पाळी करायचा. पहिल्या वेळी अंघोळ घालताना दोघंही भिजले आणि मामांनी त्याला "नवा पॉइंट्समन" म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा गडी ठरवून बारीकसारीक चुका दाखवल्या. वहिनी उर्शाहून परत आल्या त्या चक्क हातात काचेच्या नव्या बांगड्या घालून. मामांनी त्यांना ओळखलं नाहीच. पण त्या दिवशी चोरटीही म्हणाले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात मामा हळूहळू फाटकही विसरले. एका संध्याकाळी घंटी वाजत राहिली आणि ते खाटेवरून फोनकडं नुसते बघत राहिले, जणू हा कुणाचा आवाज आहे याचं त्यांना नवल वाटत होतं. वहिनी मागच्या दारी पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या. ज्या घालमेलीनं सगळ्या घराला पिडलं ती संपली होती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वहिनी आत येऊन त्यांच्या पायाशी बसल्या आणि त्या दिवशी मात्र पोटभर रडल्या. आजारातलं हे दुखणं कुठल्या यंत्रानं कमी करता येत नाही. मला तरी अजून तसं यंत्र भेटलेलं नाही.

मामा गेले ते दुपारी, घरात, स्वतःच्या खाटेवर. वहिनी त्यांच्या पायांना तेल लावत होत्या. मातीला आम्ही कॉलेजात गेलेल्या कितीतरी मुली आलो होतो. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणी बँकेत. माझे वडील काठी टेकत आले आणि शेवटपर्यंत थांबले. परतताना एवढंच म्हणाले, "शब्दाचा पक्का माणूस."

हल्ली गुरुवारी दुपारी संगीता वहिनी आंबीला जातात. आमच्या गटातल्याच एका घरी. तिथल्या सासूबाईंना हाच आजार आहे आणि सुनेला कुणी बदली नाही. पहिल्या दिवशी मी वहिनींना सोबत घेऊन गेले. म्हातारीनं चष्म्यावरून रोखून विचारलं, "तू कोन?" वहिनी तिच्या शेजारी बसत म्हणाल्या, "मी बदलीवर आलीया, मावशी. तुमी बोला." आणि तांदूळ निवडायचं सूप पुढं ओढून घेतलं.

घरची सून उंबऱ्यापाशी उभी होती. पायात चपला घातलेल्या, हातात रिकामी पिशवी. बराच वेळ झाला तरी तिचं पाऊल बाहेर पडेना. मला म्हणाली, "ताई, पर मी जाऊ कुटं?"

वहिनींनी सुपातून मान वर केली. "कुटंबी जा गं. न्हाईतर त्या पिंपळाखाली जाऊन नुस्ती बस. मी हाय हितं."

सुनेनं पिशवी खुंटीला अडकवली आणि हात मोकळे सोडून रस्त्याला लागली.